हिरव्या टोपीतली आई

मूल सांभाळण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी सुनेला छातीठोकपणे सांगितलं, आणि तिथंच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

सून डॉक्टर. सर्जन व्हायचं म्हणून पुढचं शिकत होती. माझा एकुलता एक मुलगा अपघातात गेला तेव्हा ती गरोदर होती. शिक्षण तिथंच थांबलं. नात जेमतेम वर्षाची होते तोच सुनेला एक फेलोशिप मिळाली. शिक्षण अर्धवट राहिलेल्या डॉक्टर बायकांना पुन्हा शस्त्रक्रिया शिकता यावी म्हणून एका संस्थेनं ठेवलेली. दरमहा पगारासारखे पैसे, राहायला जागा, शिकवायला एक नावाजलेल्या सर्जनबाई. फक्त दुसऱ्या शहरात. पोरीला सोडून कशी जाऊ, असं तिचं चाललेलं. मी म्हटलं, "तू जा. माझ्या पोराला मी एकटीनं वाढवलं, ही तर त्याच्या निम्मीही व्रात्य नाही."

गेली बिचारी.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती जमिनीला टेकतच नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, पण फोनवर मी ठणठणीत. सून रोज दुपारी ऑपरेशनांच्या मधल्या वेळात व्हिडिओ कॉल करायची. डोक्यावर हिरवी टोपी, मास्क हनुवटीखाली. आई, जेवली का ती? आई, झोपली का ती? मी इकडून म्हणायची, हो गं डॉक्टरीणबाई. भिंगरी दोघींची तोंडं आळीपाळीनं बघत बसायची.

मग ती बोलायला लागली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आई." फोनकडे बोट करून म्हणाली, "डॉक्टी."

चूक तिची नव्हती. जिला आई म्हणतात ती आई, एवढाच साधा विचार तिनं केला होता. मला मात्र घाम फुटला. सुनेला कळायच्या आत दुरुस्ती करायची म्हणून मी शिकवणी लावली. सुनेचा टोपीतला फोटो कपाटाला चिकटवला आणि उठता-बसता घोकून घेतलं, हिरवी टोपी कुणाची? आईची. पोरगी हुशार. चार दिवसांत पाठ.

आणि मग तिनं नाकात वाटाणा घातला. मी तिला घेऊन दवाखान्यात धावले. आतून डॉक्टर आले ते सहा फूट उंच, ओठावर झुपकेदार मिशी आणि डोक्यावर हिरवी टोपी. भिंगरीनं दोन्ही हात पसरले आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "आई!" वाटाणा निघाला, पण ती काही त्यांच्या गळ्यातून निघेना. शेवटी तिला कडेवर घेऊनच त्यांनी पुढचे पेशंट तपासले. एक आजोबा त्यांना म्हणाले की मुलगी तुमच्यावर गेली नाही, आईवर गेलेली दिसते.

ही गंमत मी दुपारी सुनेला रंगवून सांगितली, मिशीसकट. ती हसली नाही. काहीतरी सांगायचं होतं, नंतर सांगते, म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन दारात उभी. केस मोकळे. भिंगरी माझ्या मागे लपली आणि गॅसवाल्याकडे बघावं तशी तिच्याकडे बघत राहिली. सून खाली बसली, हात पुढे केले. पोरगी हलली नाही. तेव्हा सुनेनं बॅगेतून टोपी काढली, केस आत कोंबले. मग भिंगरी हळूच पुढे गेली आणि टोपीला हात लावला. चेहऱ्याला नाही.

"आई, मी परत जाणार नाही," सून म्हणाली. त्या 'आई'वर पोरीनं माझ्याकडे पाहिलं.

काल काय सांगायचं होतं, ते मी खूप वेळानं विचारलं. तर म्हणे सर्जनबाईंनी पहिल्यांदाच अख्खं ऑपरेशन तिच्या हाती सोपवलं होतं. हात जरासुद्धा थरथरला नाही, हे सांगतानाही तिचे डोळे पुसून होत नव्हते. अशा हाताला घरी बसवून ठेवायचं? मी म्हटलं, मोठी जागा माग, आम्ही दोघी येतो. तेव्हा कळलं, मूल असलेल्या बायकांना तिथं पहिल्यापासूनच घर देतात. तिनं ते मागितलंच नव्हतं.

"तुम्ही त्याची खोली सोडून आला नसता, आई."

तो गेल्यापासून त्याच्या पलंगावरची चादर मी बदललेली नव्हती. त्या दिवशी ती धुतली, वाळली तशी घडी घातली, आणि घराला कुलूप लावून आम्ही तिघी निघालो.

आता सून रोज संध्याकाळी घरी येते. भिंगरीचा गोंधळ मिटावा म्हणून मी एक नियम केला. घरात आई एकच. मला सगळ्यांनी आजी म्हणायचं, सुनेनंसुद्धा. पोरगी पटकन शिकली. मोकळ्या केसांच्या आईलाही ती आता ओळखते, दारातच तिच्या गळ्यात पडते. सून थोडे दिवस अडखळली, मग तिलाही सवय झाली.

नियम माझाच, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? तो करताना एवढंच लक्षात आलं नाही, की मुलगा गेल्यावर मला आई म्हणणारी सून एकटीच उरली होती.