सात रकान्यांबाहेरचे धनपाल आण्णा

आमचे शेजारी धनपाल आण्णा यांच्या घरी पाणी मिळते, पण एका प्रश्नाचे उत्तर दिल्यानंतरच. "टर्बो का सुपर?" लग्नपत्रिका घेऊन आलेल्या एका पाहुण्यांनी गोंधळून "साधंच चालंल की" असे सांगितले, त्यांना चहाही साधाच, म्हणजे बिनसाखरेचा मिळाला.

आण्णांचा उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना आहे. भंगारातून आणलेली लाल, दोन आसनांची स्पोर्ट्स कार त्यांनी स्वहस्ते उभी केली आणि घर ते कारखाना अशी ती ते रोज चालवतात. पन्हाळ्याच्या चढावर उसाचा एक ट्रॅक्टर तिला मागे टाकून गेला, त्या दिवसापासून हा प्रश्न सुरू झाला. इंजिनात जास्त हवा कोंबली की ताकद वाढते. ती टर्बोने कोंबायची, जो धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरतो. की सुपरचार्जरने, जो पट्ट्याने थेट इंजिनालाच जोडलेला असतो?

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिन चाचणी विभागात काम करते. त्यामुळे पंचाचे पद आपोआप माझ्याकडे आले. ताकद, प्रतिसाद, इंधन, उष्णता, वजन, खर्च आणि देखभाल असे सात रकाने आखून मी तक्ता सादर केला. टर्बो पाच विरुद्ध दोनने विजयी झाला.

आण्णांनी तक्ता दोनदा वाचला. "टर्बो म्हंजे उशिरा तापणारा पैलवान. समोरच्यानं पट काढला की मग ह्याला जोर आठवतो. सुपर म्हंजे घरचा बैल. जू ठेवलं की चालला, पर वैरण इंजिनाचीच खातो." एवढे बोलूनही त्यांनी माझा निर्णय मानला. आठ दिवस खपून टर्बो बसवला. गाडी सुसाट आणि विलक्षण शांत धावू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टर्बो काढून स्टुलावर ठेवलेला होता.

"का?" मी विचारले.

"आळशी हाय."

मी आकडे पुन्हा दाखवले. त्यांनी ते पाहिलेही नाहीत. पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट विशेषणाने रद्द करणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुढे महिनाभरात त्यांनी सुपरचार्जर बसवला आणि मी तो विषय बंद केला.

एका संध्याकाळी आण्णांच्या घरी काकूंचा डबा परत करायला गेले. काकू पीठ मळत होत्या. त्यांच्या मागे कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. त्यांनी वळून पाहिले नाही. शेवटी गॅस मीच बंद केला. दारावरची घंटा वाजली. दूधवाल्यालाही मीच सामोरी गेले. आमच्या गल्लीत साधी विचारपूसही ओरडूनच होते, त्यामुळे काकूंना कमी ऐकू येते हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. बहुधा त्यांच्या स्वतःच्याही.

इतक्यात कोपऱ्यावरून धुराड्याची जाड धडधड आली. माझ्याआधी काकूंनी मान वर केली आणि तवा चढवला.

"आलं बघ आमचं येडं."

आण्णांचे घर जैन, त्यामुळे तिथे दिवस मावळायच्या आत जेवण होते. आण्णांच्या येण्याची वेळ ठरलेली नसते, आणि भाकरी मात्र तव्यावरचीच लागते.

"एकदाच चुकलं माझं," थापता थापता काकू म्हणाल्या. "गाडी दारात येऊन थांबली तरी मला पत्ता न्हाय. डुलकी लागली असंल. कालवणबी व्हायचं हुतं. दिवस मावळला, दोघंबी उपाशी झोपलो. ह्यांनी चकार शब्द काढला न्हाय."

वयानुसार आधी बारीक, चिरके आवाज ऐकू येईनासे होतात. जाड आवाज टिकून राहतात. टर्बो धुराड्याच्या वाटेतच बसतो आणि नेमकी हीच धडधड गिळून टाकतो. माझ्या तक्त्यात आवाजाचा रकाना नव्हता.

आण्णा आत आले. ताटाजवळची गरम भाकरी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"काय इंजिनेर, टर्बो का सुपर?"

"सुपर."

"कारण?"

काकू आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहत होत्या.

"टर्बो आळशी हाय," मी म्हणाले, जरा मोठ्याने.

आण्णा उठले आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आले.