साळिंदरांची काटकसरीची सहल

एका जंगलात, मुलांनो, कोकिळा ओरडली की शाळेला सुट्टी लागायची आणि पावशा ओरडला की शाळा भरायची. मधले दिवस मुलांचे. निदान मुलांना तसं वाटायचं.

त्या जंगलात भालचंद्रराव नावाचे एक साळिंदर राहत. साळिंदर ठाऊक आहे ना? अंगभर लांब लांब काटे असलेला प्राणी. नाही, साळुंकी वेगळी. मध्ये बोलू नका.

भालचंद्ररावांच्या बायकोचं नाव इंदुमती आणि मुलीचं नाव पिंगी. या पिंगीला समुद्र बघायचा होता. दरवर्षी सुट्टी संपली की घुबडबाई एकेकाला उभं करून विचारायच्या, "सुट्टीत काय पाहिलंस?" आणि दरवर्षी पिंगी सांगायची, "मामाचं बीळ." मग वर्ग हसायचा, कारण मागच्या वर्षीही तिने तेच बीळ पाहिलेलं असायचं. बगळ्याच्या मुलाने समुद्र पाहिला होता. तो म्हणायचा, समुद्राला पलीकडचा काठच नसतो. पिंगीला हे खरंही वाटेना आणि खोटंही वाटेना. रोज संध्याकाळी ती तळ्यावर जाऊन पलीकडच्या काठाकडे रागाने बघत बसायची.

शेवटी यंदा भालचंद्रराव म्हणाले, "ठीक आहे. जाऊ समुद्रावर."

पिंगीने इतक्या जोरात उडी मारली की तिचे चार काटे छतात रुतले.

"पण," भालचंद्रराव म्हणाले, "डोकं लावून जायचं."

मुलांनो, भालचंद्रराव वाईट नव्हते. मुलीवर त्यांचा फार जीव होता. पण एखादी गोष्ट स्वस्तात मिळाली नाही तर त्यांना ती गोडच लागत नसे. आंबा खातानाही त्यांचं अर्धं लक्ष तो दुसरीकडे केवढ्याला मिळाला असता याकडे असे. त्या जंगलात सगळे व्यवहार रताळ्यांत चालत आणि एक रताळं देताना भालचंद्रराव ते दोनदा मागे ओढून घेत.

आधी गाडी ठरवायला ते हरणाकडे गेले. हरीण म्हणालं, "सकाळी निघालो की दुपारी समुद्रावर." भाडं ऐकून भालचंद्रराव तिथल्या तिथे खाली बसले. मग हत्ती पाहिला. बसायला ऐसपैस, पण वाटेत दर तळ्यावर थांबून टाकी भरायची आणि खर्च गिऱ्हाइकाचा.

शेवटी ते धोंडोपंत कासवाकडे आले. धोंडोपंत म्हणजे गाडी आणि ड्रायव्हर एकच. पाठ एवढी मोठी की वर अख्खं कुटुंब मावेल.

"किती देता?" भालचंद्ररावांनी विचारलं.

"एका काकडीत एक डोंगर," धोंडोपंत म्हणाले.

भालचंद्ररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं देणारी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी जाण्याचं आणि येण्याचं भाडं तिथेच आगाऊ मोजून दिलं, कारण आगाऊ दिलं तर थोडं स्वस्त पडत होतं.

"एक अट आहे," धोंडोपंत म्हणाले. "पावशा ओरडला की मी जिथे असेन तिथून मागे फिरणार. पावसाळ्यात मी भाडी घेत नाही."

"तोवर आम्ही दोनदा जाऊन येऊ," भालचंद्रराव हसून म्हणाले. धोंडोपंत हसले नाहीत. ते उगाच श्वास वाया घालवत नसत.

"आणि राहायचं कुठे?" इंदुमतीने विचारलं.

"अगं, वाटेत एवढे नातेवाईक आहेत, ते कशाला आहेत?"

निघाले. धोंडोपंत घाटात हळू चालत. सपाटीवर मात्र ते घाटातल्यासारखे चालत. पहिल्या दिवशी संध्याकाळी पिंगीने मागे वळून पाहिलं तर घराचं दार अजून दिसत होतं आणि ते उघडं राहिलं होतं. इंदुमती खाली उतरली, चालत गेली, दार लावलं, चालत आली आणि पुन्हा पाठीवर बसली.

"समुद्र कधी येणार?" पिंगीने विचारलं.

"समुद्र येत नसतो, बाळ," धोंडोपंत म्हणाले. "आपल्याला जावं लागतं."

पहिला मुक्काम इंदुमतीच्या बगूमावशीकडे. आता विचार करा, मुलांनो, चैत्रात नातेवाइकांच्या घरी काय चाललेलं असतं? बरोबर. वाळवण. बगूमावशीच्या अंगणात चुलीवर चीक शिजत होता, सोऱ्या तयार होता आणि पाहुणे दिसताच मावशीच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो निव्वळ मायेचा नव्हता.

"आलात? बरं झालं बाई. माझे काटे आता म्हातारपणी गळले. कुरडया वाळत घालायला जागाच उरली नाही. बसा, अशा उन्हात पाठ करून बसा."

आणि तिने तिघांच्या काट्यांवर कुरडया घातल्या. इंदुमतीच्या अंगावर मोठ्या, पिंगीच्या अंगावर लहान. भालचंद्ररावांचे काटे टोकदार होते, म्हणून त्यांना सांडगी मिरची टोचली.

"मावशी, आम्हाला उद्या निघायचंय," इंदुमती म्हणाली.

"निघा की. पण दोन उन्हं तरी दाखवायला नकोत? ओल्या कुरडया घेऊन जाशील कुठे? हलू नकोस, मोडतील."

इंदुमतीने नवऱ्याकडे पाहिलं. भालचंद्रराव मिरचीच्या झणक्याने शिंकत होते, पण खूश होते. राहणं फुकट, जेवण फुकट. "आणखी एक दिवस राहू," ते म्हणाले. "तेवढीच बचत."

निघताना मावशीने कुरडयांचा डबा आणि लोणच्याची बरणी धोंडोपंतांच्या पाठीवर ठेवली. "रिकाम्या हाताने कसं पाठवू?"

साळिंदरांच्या गोतावळ्यात बातमी फार लवकर पसरते. पुढचा मुक्काम भालचंद्ररावांच्या चुलतभावाकडे, दामोदरकडे होता. तिथे अंगणात पीठ भिजवून सगळी मंडळी दारातच उभी होती.

"वहिनी, तुमच्यासाठी पापड थांबवून ठेवलेत," दामोदरची बायको प्रेमाने म्हणाली.

मग पापड. मग पुढच्या आत्याकडे सांडगे. मग कोणाकडे फेण्या, कोणाकडे आंबोशी. प्रत्येक घरी उन्हाकडे पाठ करून बसायचं, हलायचं नाही आणि निघताना एक बरणी घ्यायची. पाठीवर बरण्या वाढत गेल्या. धोंडोपंत आणखी हळू झाले, म्हणजे नेमकं काय झालं हे बाजूच्या मुंग्यांनाच कळलं. वाट लांबली म्हणून मुक्काम वाढले, मुक्काम वाढले म्हणून बरण्या वाढल्या. भालचंद्रराव रोज रात्री वाचलेली रताळी मनातल्या मनात मोजून समाधानाने झोपत.

पिंगीने विचारणं सोडून दिलं. मुलं विचारायचं सोडतात तेव्हा घरात फार शांतता होते आणि मोठ्यांना वाटतं, मुलगी शहाणी झाली.

असं करत करत ते शेवटच्या डोंगराच्या खिंडीपाशी पोचले. पलीकडून वारा आला. त्याला कसलातरी अनोळखी वास होता. पिंगीचे सगळे काटे एकदम उभे राहिले.

आणि तेवढ्यात मागच्या रानात पावशा ओरडला.

धोंडोपंत थांबले. मग त्यांनी वळायला सुरुवात केली.

"अहो, थांबा!" इंदुमती ओरडली. "समोर खिंड आहे!"

"अट म्हणजे अट, बाई."

"तुम्ही सांगा ना त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली.

भालचंद्ररावांचा चेहरा पडला. "काय सांगू? परतीचं भाडं आगाऊ दिलंय. आता सोडलं तर बुडालं."

पिंगी रडू लागली. हट्टाने नव्हे. कुरडया मोडू नयेत म्हणून हलायचं नाही, असं शिकवलं होतं ना, तशी न हलता रडू लागली. ते मात्र इंदुमतीला बघवलं नाही. ती खाली उतरली.

"चल पिंगे."

"चालत?" भालचंद्रराव म्हणाले. "अगं, गाडी असताना?"

"गाडी तिकडे चाललीय. समुद्र इकडे आहे."

"अगं पण रताळी मोजलीत त्यासाठी!"

"मग तुम्ही बसा आणि वसूल करा," इंदुमती म्हणाली आणि मुलीचा हात धरून खिंडीकडे गेली.

खिंड ओलांडली आणि समुद्र होता. तिथेच, पायाखाली, उतार संपला की लगेच. पिंगीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग बराच वेळ समोर पाहिलं. बगळ्याचा मुलगा खोटं बोलला नव्हता. मग ती जी धावत सुटली ती थेट पाण्यात. लाटेने तिला उलटं केलं, वाळूत लोळवलं, परत पाठवलं. ती पुन्हा गेली. इंदुमतीही गेली. इतके दिवस हलू नका म्हणून बसलेल्या त्या दोघी दिवसभर नुसत्या हलत होत्या.

ऊन उतरल्यावर त्या परत आल्या. धोंडोपंतांचं नुकतंच वळून झालं होतं.

भालचंद्रराव बरण्यांच्या मधोमध बसले होते.

"पाहिला?" त्यांनी विचारलं.

"पाहिला," पिंगी म्हणाली.

"किती रताळी घेतली?"

"कोणी, बाबा?"

"समुद्रवाल्याने."

"काहीच नाही."

"फुकट?" भालचंद्ररावांनी हातातली बरणी खाली ठेवली. आयुष्यभर ज्या वस्तूच्या शोधात होते ती डोंगरापलीकडे होती आणि ते अलीकडे भाडं वसूल करत बसले होते.

"जाऊन या तुम्हीही," इंदुमती हळूच म्हणाली. "आम्ही सामान सांभाळतो."

त्यांनी खिंडीकडे पाहिलं. वाईट वाटत होतं त्यांना, मुलांनो, खरंच वाटत होतं. मग त्यांनी धोंडोपंतांच्या मानेकडे पाहिलं.

"आता गाडी वळलीय," ते म्हणाले.

पिंगी त्यांना टेकून बसली. तिच्या काट्यांत वाळू अडकली होती. भालचंद्ररावांनी कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यातले दोन कण जिभेवर ठेवले.

"खारट आहे," ते म्हणाले. "चांगलं आहे. मीठ वाचलं."

घरी पोचल्यावर जंगलभर बोभाटा झाला. एवढ्या कमी खर्चात, एवढे दिवस, अख्ख्या कुटुंबाची समुद्राची सहल! आणि वर वर्षभराचे पापड! वडाखाली मोठी सभा भरली. भालचंद्ररावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाल अंगावर घालतानाच फाटली, पण टाळ्या थांबल्या नाहीत. गाडी कशी निवडावी, मुक्काम कुठे करावा, बरण्या कशा रचाव्यात, यावर ते सविस्तर बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेवटी एका खारीच्या मुलाने हात वर केला.

"काका, समुद्र कसा असतो?"

भालचंद्ररावांनी पिंगीकडे पाहिलं. पिंगीने वडलांकडे पाहिलं. तिला सगळं सांगता आलं असतं, पण ती गप्प राहिली, कारण तिचं वडलांवर प्रेम होतं.

भालचंद्ररावांनी फाटकी शाल सावरली.

"परवडतो," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या चैत्रात धोंडोपंतांच्या पाठीवर बसायला जागा उरली नाही आणि जंगलातल्या झाडून सगळ्या मावश्यांनी पीठ जास्त भिजवलं. इंदुमती आणि पिंगी पहाटे चालत निघाल्या, तेव्हा कोणीही त्यांच्याबरोबर गेलं नाही. ज्या सहलीत काहीच वाचवता येत नाही, ती कसली सहल?

तात्पर्य: समुद्र पाहणाऱ्याच्या अंगाला फक्त वाळू लागते. शाल हवी असेल त्याने खिंडीतूनच परत फिरावे आणि खर्च कमी कसा आला ते सांगावे.