गुरुवारचा रिकामा चौकोन

"आज मला घ्यायला कोण येणार?" पहिलीतल्या उत्कर्षाच्या या प्रश्नाला घरात रोज तीन उत्तरं मिळत आणि साडेतीनला स्कूलबसपाशी चौथंच काहीतरी घडे. अनपेक्षित माणूस दिसला की ती बसमधून उतरायलाच तयार नसे.

शेवटी तनुजाने आठवड्याचा तक्ता करायला घेतला. ती आणि नवरा इंद्रजीत दोघेही हिंजवडीतले आयटीवाले, त्यामुळे तक्ता म्हटल्यावर हात शिवशिवलेच. फ्रिजवर पाच रंगीत चौकोन लागले. प्रत्येकात बसचं चित्र, डब्याचं चित्र आणि त्या दिवशी उत्कर्षाला आणणाऱ्याचा फोटो, मागे लोहचुंबक लावलेला. अक्षरांना जागाच नव्हती, कारण सासूबाईंना, बायडाबाईंना, वाचता येत नव्हतं.

बायडाबाई हरखल्या. "साठ वर्सांत पयल्यांदाच घरातलं कायतरी मला वाचाय येतंय," त्या म्हणाल्या. नवरा-बायको साडेसातलाच बाहेर पडत. उत्कर्षाला बसमध्ये बसवणं बायडाबाईंकडे होतं. आता त्या आधी तक्ता बघत, मग वेणी घालत.

बुधवारी संध्याकाळी इंद्रजीतला गुरुवारची मीटिंग लागली. त्याने आपला फोटो शुक्रवारी सरकवला आणि शुक्रवारची तनुजा गुरुवारी आणली. तक्ता असताना बोलायचं कशाला? थोड्या वेळाने तनुजाने पाहिलं. गुरुवार तर इंद्रजीतचा! कुणीतरी चुकलंय असं समजून तिने घाईत, खाली कुणाचा फोटो आहे हे न बघता, स्वतःला शुक्रवारी परत लावलं. तिलाही बोलायची गरज वाटली नाही.

गुरुवारी अडीचला तिने फोन केला. "निघालास ना?"

"मी? आज तू आहेस."

"मी शुक्रवारी आहे!"

"शुक्रवारी मी आहे!"

घरचा फोन लागेना. एक ते तीन बायडाबाई रिसीव्हर बाजूला काढून झोपत. मग हिंजवडीतून वारज्यातल्या घराकडे दोन गाड्या सुटल्या. एकाने सिग्नल तोडला, दुसरीने बॉसचा फोन मध्येच तोडला.

बस आली. पोरं उतरली. उत्कर्षा नव्हती.

"ती सकाळी चढलीच नाही की, ताई," ड्रायव्हर सुखदेव म्हणाला. "चांगला पाच मिनिटं हॉर्न वाजवला."

 लिफ्टची वाट न बघता दोघं चार मजले धावत चढले. दार उघडलं तर आजी आणि नात फरशीवर बसून शेंगा फोडत होत्या. तनुजाने लेकीला घट्ट कवटाळलं आणि ती रडायलाच लागली.

"आई, हिला शाळेत का नाही पाठवलं?" इंद्रजीत ओरडला.

"बेस्तरवारी कुणाचं त्वांडच न्हाई," बायडाबाई शांतपणे म्हणाल्या. "आणाय कुणी जाणारच न्हाई, तर धाडायची कशाला?"

यात खोट काढायला दोन इंजिनियर अपुरे पडले. संध्याकाळी फोटो पुन्हा जागच्या जागी लागले आणि विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी तक्त्यावर एकही फोटो नव्हता. फ्रिजखाली, टेबलाखाली शोधाशोध झाली. पाचही फोटो निघाले उत्कर्षाच्या मुठीतून.

"अगं, मग आज तुला घ्यायला कोण येणार?" तनुजाने वैतागून विचारलं.

"काल चौकोनात कुणीच नव्हतं," उत्कर्षा म्हणाली, "तर तुम्ही दोघंही आलात."