मनात येईल ते नाव

सम्यकचा आनंद त्या दिवशी गारखेड्यातल्या दोन खोल्यांत मावत नव्हता. पुण्याची नोकरी सोडून आल्यावर त्याला पहिलंच स्वतःचं काम मिळालं होतं, फुलंब्री रोडवरच्या एका मंगल कार्यालयाची वेबसाइट! मालक बद्रीनाथराव संध्याकाळी नमुना बघायला घरीच येणार होते. पसंत पडला तर काम पक्कं, नाहीतर परत पुणं गाठायचं, असं वडिलांनी, म्हणजे रामकिसन यांनी, स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

सम्यकने प्रोजेक्ट असा काही मांडला होता, की आईला भरून आलं. ज्या पोराचे मोजे आयुष्यात कधी जोडीने सापडले नाहीत, त्याने बटणांचं फोल्डर वेगळं, फोटोंचं वेगळं, पानांचं वेगळं केलं होतं.

"कपाटाचं बी असंच कर की एकदा," ती म्हणाली. ते मात्र त्याला ऐकू आलं नाही.

"भूषण, बुकिंगच्या पानावर खोटी माहिती भर," त्याने शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या मित्राला, बुद्धभूषणला सांगितलं. "नवरा, नवरी, तारीख. मनात येईल ते नाव टाक."

बुद्धभूषणने टाकलं. सम्यकने न बघताच साइट चालू केली आणि त्याच भरात लिंक घरच्या ग्रुपवर सोडली, 'माझं पहिलं काम! सगळ्यांनी बघा!' सगळ्यांनी बघितलं. नातेवाईक वेबसाइटची मांडणी बघत नाहीत, नावं बघतात.

पहिला फोन फुलंब्रीहून चंपाआत्याचा आला. "व्हय रे, अमृताचं लगीन ठरलं अन् सख्ख्या आत्याला मोबाइलवर कळावं?"

सम्यक काही सांगायच्या आत तिने फोन ठेवला. त्याने पान उघडलं. 'वधू: अमृता. वर: बुद्धभूषण. तारीख: येता रविवार.' अमृता म्हणजे त्याची धाकटी बहीण!

"अरे यार, दुसरं नाव नव्हतं का?"

"घाईत तेच सुचलं," बुद्धभूषण लॅपटॉपमागे तोंड लपवत म्हणाला.

सम्यकने नावं पुसली. तिथेच घोटाळा वाढला. "नाव काढलं, म्हंजी मोडलं का काय लगीन?" म्हणून मामाने फोनवर रडका आवाज काढला. त्याला शांत करायला सम्यकने नावं परत टाकली. मग ग्रुपवर 'जमलं बरं का परत' म्हणून फुलांचा नुसता पाऊस पडला.

संध्याकाळी आत्या काळीपिवळी जीप भरून माणसं घेऊन आली. वाटेत शहागंजात उतरून तिने नवरीसाठी बौद्ध लग्नातली पांढरी साडीही घेतली होती. पाठोपाठ बद्रीनाथराव आले आणि माणसांनी त्यांनाच घेरलं.

"गाड्या लावायला जागा हाय का?"

"जेवणाच्या पंगतीला सावली?"

बद्रीनाथराव मोबाइलवर बोट फिरवत गेले आणि जे विचारलं ते जागच्या जागी सापडत गेलं. "रामकिसनभाऊ, लई भारी काम केलं तुमच्या पोरानं! पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक! रविवार मोकळाच हाय, करू पक्का?"

आता गप्प बसणं पाप होतं. सम्यक पुढे झाला. "साहेब, हे लग्न खोटं आहे. साइटची नुसती पुढची बाजू झालीय, मागं बुकिंग नोंदवणारं काहीच नाही."

बद्रीनाथरावांचा चेहरा उतरला. रामकिसन यांनी पोराकडे असं पाहिलं, की त्याला पुण्याची बसच दिसली. आत्याच्या हातातली साडी तशीच राहिली. मग सगळे आतल्या खोलीच्या दारात उभ्या अमृताकडे वळले. आता ही भावाला फाडून खाणार!

अमृताने आत्याच्या हातातली साडी घेतली. पदर उलगडून पाहिला.

"रविवारी माझी सेटची परीक्षा आहे," ती म्हणाली. "तारीख बदलता येते का ह्याच्यात?"

"अगं, पण मला कुणी इचारलं का?" रामकिसन ओरडले.

"तू गप बस रामा, साडी आणलीया मी," आत्या म्हणाली.

बद्रीनाथराव खुलले. "येती ना बदलता, सम्यकराव?"

ते बटण सम्यकने केलंच नव्हतं. "उद्या टाकतो," तो कसंबसं म्हणाला.

"टाका. काम तुमचंच."

सम्यक हळूच मित्राकडे वळला. बुद्धभूषण अजून लॅपटॉपमागेच होता, फक्त कान लाल दिसत होते.

"तूच म्हणलास ना," तो पुटपुटला, "मनात येईल ते टाक."