तगरीखालचा पाचोळा

ताई गेली त्या आठवड्यात भाऊजी अंगणात अळी शोधत होते.

भाऊजी पुसदला भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर दिव्यावर येणारे पतंग आणि त्यांच्या अळ्या, एवढाच त्यांचा विषय उरला. कुठलीही अळी दिसली की त्यांचा एकच प्रश्न : "खाते काय?" खाण्यावरून झाड, झाडावरून मुलूख, मुलखावरून नाव. एकदा एक शेतकरी डबीत अळी घेऊन आला.

"सर, कोन्तं औषध मारू?"

"आधी सांग, खाते काय?"

"माहा कापूस खाऊन राह्यली ना!"

"मंग तब्येत चांगली राहीन तिची," भाऊजी समाधानानं म्हणाले.

माणसांनाही त्यांचा हाच प्रश्न. ताई सांगायची, "मले पाहाले आलते तवा यायनं नाव नाई इचारलं. म्हने, खाता काय? मी म्हटलं, भाकर. झालं, पटली ओळख!"

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या शोकविधीच्या सकाळी बाया अंगण झाडू लागल्या. भाऊजी धावत आले आणि तगरीखालचा लोटलेला पाचोळा पसरून त्यातच बसले. मामींना वाटलं, ताईचं कानातलं हरवलं. त्या शोधायला बसल्या, तशा बाकीच्याही बसल्या. भन्ते आले तेव्हा पांढऱ्या साड्यांची सगळी बैठक कचऱ्यात होती.

"जावईबापू, एका कानातलं का दोन्ही?" मामींनी विचारलं.

"कानातलं नाई वो. अळी हाय. कोष कराले पाचोळ्यात उतरली."

मामी हात झटकून उठल्या. "डोक्शावर परिनाम झाला यायच्या."

मला काहीच कळेना. त्यांना बाजूला घेऊन मी म्हटलं, "भाऊजी, अशा कितीतरी अळ्या येतात. आजच कायले?"

त्यांनी बाहीला चिकटलेलं एक पान काढलं. मग म्हणाले, "दवाखान्यात जाईपर्यंत तुही ताई हिले कवळी पानं देत होती. मी त नुसती नावं सांगत होतो. चारत तीच होती."

मग मीही बसलो. दुपारी बोटाएवढा तपकिरी कोष सापडला.

"हाच ना?"

भाऊजींनी तो तळहातावर घेतला, चष्मा वर करून पाहिला. "जात तीच हाय. पन तिनं चारलेली अळी हेच, का दुसरी, ते कोन सांगन?"

कोष आता खिडकीत, बरणीत आहे. भाऊजी रोज त्याच्यासमोर भाकर खातात. तो तिचाच का, हे त्यांना माहीत नाही, आणि मलाही नाही.