वाटीभर साखर, पुलापलीकडून

जडावबाईंच्या घरात साखर पोत्यानं असायची. नवऱ्याचं किराणा-भुसाराचं दुकान, दुकानाच्या मागंच घर. दार उघडलं की आधी गुळाचा वास यायचा आणि मग माणसं दिसायची. तरीही जडावबाई रोज सकाळी पितळेची वाटी घेऊन बाहेर पडत आणि कुंडलिका नदीचा पूल ओलांडून वाटीभर साखर उसनी आणत. दुसऱ्या दिवशी ती परत करायला पुन्हा पूल ओलांडत, आणि येताना पुढच्या घरून नवी उसनी घेऊन येत.

मी त्यांच्या शेजारी नवी नवरी म्हणून आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमचे हे शाळेत मास्तर, त्यामुळं कुणाला एक अक्षर न शिकवता मी जालन्यात 'मास्तरीण' झाले. पहिल्याच आठवड्यात वाटी घेऊन निघालेल्या जडावबाई दिसल्या. शेजारधर्म म्हणून मी म्हटलं, "काकीजी, साखर माझ्याकडून घ्या की. एवढ्या लांब कामून जाता?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "तुझं घर चार पावलांवर हाय. तुझ्या साखरेचा मला काय उपेग?"

बाईला वेड लागलंय असा माझा समज झाला, आणि तो मी पुढचे काही दिवस मोठ्या आनंदानं गल्लीभर वाटला. मग एका दुपारी त्यांनीच मला बोलावून समोर बसवलं, हातावर शेव ठेवली आणि सगळं सांगितलं. मारवाडी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून बोलायला लागली की आपल्यापेक्षा चोख मराठवाडी बोलतात.

त्यांची एकुलती एक मुलगी गंगा. तिला हसनाबादच्या फाट्यापासून दोन कोस आत एका खेड्यात दिली होती. लग्न झोकात झालं, पण शेवटच्या पंगतीत नवऱ्यामुलाच्या थोरल्या काकांच्या लापशीवर तूप वाढायचं राहिलं. काका पानावरून उठले. ते उठले ते उठलेच. तिकडच्यांनी गंगाला माहेरी धाडायचं बंद केलं, आणि इकडं शेठजींनी दुकानाच्या ओट्यावर उभं राहून चार माणसांत जाहीर केलं, "त्यांची गाडी बोलवायला आल्याबिगर आमची गाडी त्या गावाला जाणार न्हाई. बिलकुल न्हाई!"

झालं. दोन्हीकडचे बैल गोठ्यात बसून राहिले, आणि जडावबाईंना लेकीचं तोंड बघून वर्ष उलटलं.

दुसरी कुणी असती तर रडत बसली असती. जडावबाईंनी नवऱ्याच्या वाक्याचा आठ दिवस विचार केला आणि त्यातली फट शोधून काढली.

"ते गाडीचं बोलले, मास्तरीण. पायाचं काई बोलले न्हाईत."

फाट्यापर्यंत मोटार जात होती. पुढं दोन कोस चालायचं. पण त्यांच्या समाजात आणखी एक मेख होती. लेक दिलेल्या गावचं पाणीही आईबापांनी घ्यायचं नाही. मग जेवणं आणि मुक्काम तर दूरच. म्हणजे दोन कोस जायचं आणि त्याच दिवशी दोन कोस परत यायचं. आणि चालणार कोण, तर जडावबाई, ज्यांना स्वतःच्या घराचा ओटा चढताना प्रत्येक पायरीला बालाजीचं नाव घ्यावं लागे, आणि दुकानातल्या काट्यावर ज्यांना कुणी गमतीनंही बसवू धजलं नसतं.

त्यांनी चालायचा सराव आधी रीतीप्रमाणे मुहूर्तावर सुरू केला होता. पाडव्याला केला, तो पुलाच्या अलीकडंच संपला. अक्षय्य तृतीयेला केला, त्या दिवशी ऊन फार होतं. मग दर सोमवारी करून पाहिला. पण सोमवार इतक्यांदा येतो, की हा नाही तर पुढचा असं वाटू लागतं.

"मन लई लबाड हाय," त्या मला म्हणाल्या. "त्याला म्हणलं चाल, तर ते म्हणतं उद्या. म्हून म्या मनाला इचारायचंच सोडलं. एक दिवस वाटीभर साखर उसनी आणली. आता दुसऱ्याची साखर घरात ठेवून झोप लागते व्हय? परत द्यायला जावंच लागतं. गेलं की तिथून पुढच्या घरची आणायची. बराबर हाय का न्हाई?"

बरोबर होतंच. शिवाय वाटीचा आणखी एक फायदा होता. त्या काळी बाई रिकाम्या हातानं रस्त्यानं चालली तर दहाजण विचारत, कुठं निघालात. हातात वाटी असली की कुणी विचारत नसे. वाटीवालीला काम असतं हे सगळ्या गावाला मान्य होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाही एक वाटी दिली. मला चालायची हौस नव्हती. माझं वय वीस, अंगानं काडी, आणि दुपार झाली की पाठ दुखायची. पण जडावबाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. त्या दारात उभ्या राहून हाक मारत, आणि ती हाक शाळेतल्या आमच्या ह्यांना ऐकू जात असे.

त्यांचे चालण्याचे नियम होते. पहिला नियम, पायाला विचारायचं नाही. "पाय म्हंजे बैल. इचारलं की बसतो." दुसरा, दम लागला तर थांबायचं, पण बसायचं नाही. तिसरा असा होता, की दम लागला हे कबूलच करायचं नाही. पुलाच्या मध्यावर त्यांचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चाले, तेव्हा त्या कठड्याला टेकून पाण्याकडं बघत आणि म्हणत, "नदीला औंदा पाणी कमी हाय, न्हाई का?" भर श्रावणात, दोन्ही थड्या भरून नदी वाहत असतानाही त्यांनी हे मला विचारलं आहे.

बारीक होण्याशी मात्र त्यांना कर्तव्य नव्हतं. वाटी रिकामी परत करू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळं साखरेसोबत कधी चकली, कधी बेसनाची वडी जाई. समोरची बाईही मग लाडू खाल्ल्याशिवाय सोडत नसे. मी एकदा म्हटलं, "काकीजी, अशानं वजन कसं उतरायचं?"

"उतरवायचं कुणाला हाय? बारीक बैलाला गाडीला जुपतं का कुणी?"

घरं हळूहळू लांबची निवडली जाऊ लागली. पुलापलीकडून बाजारापर्यंत, बाजारातून स्टेशनाच्या बाजूला. जवळच्या बायका रुसल्या. "आमची साखर गोड न्हाई का?" असं एकीनं भर रस्त्यात विचारलं. जडावबाई तिला गंभीरपणे म्हणाल्या, "तुझी बी घेईन. पण तू आधी लांब राह्यला जा."

आणि इथंच घात झाला. ते दिवस कंट्रोलचे, साखर रेशनवर मोजून मिळायची. साखर सोन्यासारखी जपायची, आणि खुद्द किराणा दुकानदाराची बायको गावभर साखर मागत फिरते! गावाचे दोन तट पडले. एक म्हणे, शेठजींचं दुकान बसलं. दुसरा म्हणे, छे, शेठजींनी साखर दडवली आहे आणि संशय येऊ नये म्हणून बायकोला मागायला लावलं आहे. पहिल्या तटातल्या एका शेतकऱ्यानं दारात आलेली ज्वारीची गाडी वळवून दुसऱ्याच्या दुकानी नेली. दुसऱ्या तटानं कुणाला तरी कळवलं आणि एक कारकून येऊन पोती उघडून पाहून गेला.

त्या संध्याकाळी शेठजी भडकले. एरवी नवराबायको मारवाडीत भांडत. गल्लीनंही ऐकावं असं वाटलं की मराठीत येत.

"सात पिढ्यांत कुणी वाटी घेऊन भीक न्हाई मागितली!"

"भीक न्हाई, उसनं. अन् सगळं फेडून राह्यले मी."

"पण कामून?"

मग जडावबाईंचा आवाज आला. "पाय मोकळे करायला."

शेठजींनी वाटी काढून घेतली, फडताळात ठेवली, आणि फडताळाला कुलूप लावलं.

मला वाटलं, संपलं. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. माझ्या पोटऱ्या आता रात्री स्वप्नातही दुखत होत्या. सकाळी मी खुशाल अंथरुणात लोळत होते, तर दारात हाक. जडावबाई पूजेचं तबक घेऊन उभ्या.

"चल. परदक्षिणा."

देवाला जाणाऱ्या बाईला नवराही अडवत नाही. त्यांनी गावाबाहेरचं, उंचवट्यावरचं देऊळ निवडलं, म्हणजे चढही आला. तिथं त्या देवाभोवती अशा फिरू लागल्या की पुजारीबुवांनी जप थांबवला. दुसऱ्या आठवड्यात ते हात जोडून म्हणाले, "बाई, काय नवस हाय तो सांगा. मी देवाला मधी पडून सांगतो. तुमाला बघून मलाच चक्कर यून राह्यली."

"तुमी डोळे मिटा," जडावबाई न थांबता म्हणाल्या.

थंडी पडली. एक दिवस देवळाचा चढ चढताना मला दम लागला, मी झाडाला टेकले आणि बघते तर जडावबाई वर पोचलेल्या. कंबरेवर हात ठेवून त्या खाली माझ्याकडं बघत होत्या. छाती वरखाली होत नव्हती.

"नदीला पाणी कसं हाय, मास्तरीण?" त्यांनी वरून विचारलं. त्या हसल्या, मग मीही हसले, आणि आमचा जायचा दिवस ठरला.

संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. मला सोबतीला न्यायची परवानगी त्यांनी आमच्या ह्यांच्याकडून परस्पर घेतली होती. शेठजी गल्ल्यावर बसले होते. जडावबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मी गंगाकडं जाऊन येते."

"गाडी न्हाई मिळणार."

"मागितली कुणी?"

सकाळच्या फेऱ्या, वाट्या, देवळं, सगळं शेठजींच्या डोळ्यांपुढून एकदम गेलं असावं. ते गड्याकडं वळून उगाच ओरडले, की ते पोतं पुन्हा जोख. आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा तोच गडी धावत आला आणि खारकांचा एक पुडा माझ्या हातात देऊन गेला. कुणी दिला हे त्यानं सांगितलं नाही.

फाट्यावर उतरलो. दोन्ही बाजूंनी तुरी आणि वेचून झालेली कपाशी, मधून चाकोरीची वाट. जडावबाई माझ्यापुढं चालत होत्या. एकदाही थांबल्या नाहीत. मला अभिमान वाटला. मीच त्यांना चालायला शिकवलं असावं इतका वाटला.

गंगाच्या घराच्या ओट्यावर आम्ही टेकलो. आत जायला जडावबाईंनी नकार दिला. विहीणबाई बाहेर आल्या, गडबडल्या, "समधीणजी, आत या, असं कसं," म्हणाल्या. बाई चांगली होती, भांडण पुरुषांचं होतं. मग गंगा आली. दारातच थबकली. आईनं तिला जवळ ओढलं, तोंडावरून हात फिरवला, हातांच्या काकणांपासून पायांच्या जोडव्यांपर्यंत सगळी तपासली. बाजारातून आणलेलं वासरू तपासावं तशी.

"कशी आलीस?"

"चालत."

"चालत? तू?" गंगा हसली आणि पळत आत गेली. आली ती पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन. आईपुढं धरला, आणि मग तिला आठवलं. जडावबाईंनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून घरून आणलेली पाण्याची सुरई काढली आणि दोन घोट घेतले. गंगा तांब्या धरून तशीच उभी.

"इतक्या लांबून आलीस. मी काय करू तुझ्यासाठी? चूळ भरायला बी न्हाई घेणार तू माझ्या हातून."

जडावबाईंनी एकदम मोठा सुस्कारा सोडला, कंबरेला हात लावला आणि म्हणाल्या, "पाय लई दुखून राह्यले ग बाई."

आणि दोन्ही पाय ओट्यावर लांब केले.

मी चमकले. एवढ्या महिन्यांत पाय दुखतात हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. त्यांच्यात लेक म्हणजे देवी. ती आईबापाच्या पायाला हात लावत नाही, लावू देत नाहीत. विहीणबाईंनाही हे ठाऊक होतं. त्यांनी एकवार पाहिलं आणि काही न बोलता त्या आत निघून गेल्या. गंगानं तांब्या खाली ठेवला, आईचे पाय मांडीवर घेतले आणि चेपू लागली. चेपता चेपता बोलू लागली. सासरचं, गाईचं, शेजारणीचं, काय काय. जडावबाई डोळे मिटून मधूनमधून कण्हत होत्या. सावल्या अंगणाच्या अर्ध्यावर येईपर्यंत हेच चाललं होतं.

निघताना विहीणबाई म्हणाल्या, फाट्यापर्यंत आमची गाडी देते. जडावबाईंनी ताठ उभं राहून सांगितलं, "गाडी धाडायची तर जालन्याला धाडा. गंगाला बसवून." (ती गाडी राखीच्या सणाला खरंच आली.)

परतीच्या वाटेवर माझे पाय अगदी गळाले. जडावबाई मात्र झपाझप पुढं. मला त्यांची काळजी वाटत होती, म्हणून मी म्हटलं, "काकीजी, हळू चला. तुमचे पाय दुखतायत ना?"

"कुठं दुखून राह्यले? जरा बी न्हाई दुखत. चल जल्दी, मोटार जाईल."

"मग मघाशी...?"

त्या चालता चालता म्हणाल्या, "पोरगी भरला तांब्या घेऊन उभी व्हती, मास्तरीण. तिच्या हातचं काई तरी तर घ्यायला पायजे का न्हाई?"

मग फाटा येईपर्यंत त्या मागं वळल्या नाहीत. पाय गळाले होते, तरी धावून त्यांना गाठता आलं असतं. पण मी मुद्दामच दहा पावलं मागं राहिले. डोळे पुसायला त्यांना तेवढी वाट मोकळी हवी होती.