गेणूनानांचा पाहुणचार

गेल्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसात वाजता, आमच्या गावच्या गेणूनानांनी ओढ्याकाठच्या विहिरीतून बादली ओढली आणि वर काळा चहा आला. वरच्या अंगाच्या दारूच्या कारखान्यानं रात्रीतून मळीचं पाणी ओढ्याला सोडलं होतं. बैलांनी नुसता वास घेऊन तोंड फिरवलं. बैलांना जे एका हुंगण्यात कळलं, ते सरकारी खात्याला अजून कळायचंय.

अर्ज, निवेदनं, पत्रकं मी लिहितो. नाना फक्त पाहुणचार करतात. पाहणीला साहेब आला की घोंगडी अंथरतात आणि चिंच लावून लखलखीत घासलेला तांब्या त्याच्यापुढे ठेवतात. आत पाणी त्याच विहिरीचं.

"आधी पानी घ्या, सायेब. पान्याबिगर बोलनं आमच्यात न्हाई."

आणि खरंच बोलत नाहीत. पहिला साहेब म्हणाला, आज उपास आहे. नाना म्हणाले, "पान्याचा बी?" दुसऱ्याला डॉक्टरनं म्हणे पाणी कमी प्यायला सांगितलं होतं. कारखान्याचा माणूस तर सभेत हे पाणी पिकाला अमृत म्हणून सांगतो. त्यानं तांब्या ड्रायव्हरकडे सरकवला. ड्रायव्हर जीपची चावी शोधायला गेला तो परत आलाच नाही. हे सगळे नमुना घेतात तो ग्रामपंचायतीच्या नळाचा. नळाला टँकरचं पाणी येतं. अहवाल येतो : पाणी उत्तम.

गाव हसायचं. मलाही वाटायचं, म्हाताऱ्याच्या या तऱ्हेपायी आमची चळवळ चेष्टेवारी जाते.

गेल्या आठवड्यात नवी मॅडम आली. पहिलीच नेमणूक. मांडी घालून बसली आणि नाना म्हणताच तांब्या उचलून सरळ तोंडाला लावायला निघाली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. नानांनी झडप घालून तो हिसकावला. घोंगडी भिजली.

"ठिव खाली, पोरी. माझी लेक तुझ्याच वयाची हाय."

मग पाण्याबिगर नाना पहिल्यांदा बोलले. लेक पाथर्डीकडं दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच व्हायला हवं. "सासरचं पाठवीत न्हाईत. म्हनत्यात, तिकडचं पानी आमाला ठावं हाय. खरंच हाय त्यांचं. तिला दिली तवा लोक म्हनले, गेणूनं लेक दुष्काळात लोटली. आता तीच माहेरी येताना कॅन भरून आनती. म्या म्हनलं, यंदा बाळंतिनीच्या न्हानीपुरतं तरी पानी नितळंल." एवढं बोलून ते घोंगडी पिळत बसले.

मॅडम उठली, विहिरीवर गेली, स्वतः बादली सोडली. सीलबंद बाटलीवर नानांची सही घेतली.

कारखान्याला आता दुप्पट वाढायचंय. सोमवारी अकरा वाजता तहसील कचेरीत त्याची सुनावणी आहे. मागच्या सुनावणीला कारखान्यानं टेम्पो भरून आणलेली माणसं खुर्च्यांवर होती आणि तुम्ही गावकरी घरी होता. नानांची तऱ्हा सांगून हसायला मात्र तुम्ही पारावर हजर असता. तुमच्याही लेकी बाळंतपणाला येतात. सोमवारी या. त्या बाटलीचा अहवाल मोठ्यानं वाचा, असं साहेबांना उभं राहून सांगा. आणि ते वाचेपर्यंत खाली बसू नका.